साच्यातून डबीत : शिशाच्या गोळीची ओळख

डोंबिवलीत किंवा कळव्यात राहणाऱ्या एखाद्या हौशी माणसाने गॅसवर जुने पातेले चढवले, बॅटरीवाल्याकडून आणलेले शिसे त्यात वितळवले आणि मोबाइलवर कुणा अमेरिकी गृहस्थाचे बघून रायफलीची गोळी साच्यात ओतली, तर एका संध्याकाळी त्याने तीन गोष्टी साधलेल्या असतील. १९५९ चा हत्यार कायदा मोडलेला असेल, घरातल्या पोरांच्या पोटात शिसे जाण्याची सोय केलेली असेल, आणि हाती आलेली गोळी बहुधा सरळ जाणारी नसेल. यातल्या तिसऱ्या गोष्टीचे त्याला सर्वांत जास्त वाईट वाटेल. नेमबाजाचा स्वभावच तसा असतो.

त्याच्या उत्सुकतेत मात्र वावगे काही नाही. बंदूक जगात आल्यापासून कित्येक शतके ती वापरणारा माणूस आपली गोळी आपणच ओतत होता. अमेरिकेत आजही हजारो लोक गॅरेजमध्ये हा उद्योग करतात, त्यावर जाडजूड पुस्तके निघतात आणि मिश्रधातूत कथील किती असावे यावरून तिथले म्हातारे हमरीतुमरीवर येतात. हे सारे वाचलेल्या, ऐकलेल्या मराठी नेमबाजाला वाटतेच, की आपण कुठून सुरुवात करावी? त्याला उत्तर द्यायचे तर शिशाची, साच्याची आणि नळीची थोडी ओळख करून घ्यावी लागते. मग लक्षात येते, की ओतण्याचे काम त्याच्या हातून केव्हाच गेले असले तरी ओतणाऱ्याला पडणारा मुख्य प्रश्न अजून त्याच्याच पदरात आहे.

आधी कायद्याचे, कारण तो भाग छोटा आहे आणि त्यात वाद घालायला फारशी जागा नाही. ठाणे-कल्याणच्या बातम्यांत ‘हत्यार कायदा कलम ३, २५’ ही जोडी इतकी येते, की नियमित वाचकांना ती पाठ झालेली असते. कलम ३ विनापरवाना शस्त्र बाळगण्याचे, २५ शिक्षेचे. गोळी ओतणाऱ्याला गाठते ते कलम ५, म्हणजे शस्त्रे आणि दारूगोळा बनवण्याच्या परवान्याचे. दारूगोळ्याची कायद्यातली व्याख्या ऐसपैस आहे. भरलेले काडतूस तर तिच्यात येतेच. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. ‘मी नुसते शिसे ओतले साहेब, दारू कुठे भरली?’ हा बचाव त्यामुळे टिकण्यासारखा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रात या कामाच्या ठरलेल्या जागा आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ पासून. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की तिसऱ्या स्थानकावर अंबरनाथ येते. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी १९५० च्या दशकापासून संरक्षण खात्यासाठी पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे काम करते. ‘ऑर्डनन्सला लागलाय’ हे वाक्य अंबरनाथ-बदलापुरात एके काळी मुलाच्या लग्नाला पुरेसे होते.

गोळीभोवतीचे हे कुंपण तसे अलीकडचे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली तेव्हाच्या तोड्याच्या बंदुकीचा विचार करावा. अशा बंदुका एका मापाच्या नसत. कारागिराने जी नळी घडवली तिचे जे तोंड असेल तेच तिचे माप. त्यामुळे बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचा असणे हीच सोय होती. शिबंदीला शिसे आणि दारू द्यायची, गोळ्या ज्याच्या त्याने आपल्या बंदुकीजोग्या पाडून घ्यायच्या. साचा म्हणजे बिजागरीवर उघडणारे दोन दगडी किंवा लोखंडी तुकडे, दोहोंत अर्धा-अर्धा खळगा आणि वरून शिसे सोडायला वाट. सांडशीसारखे मिटायचे, पळीने ओतायचे, उघडायचे, शेपूट छाटायचे. त्यात गूढ काही नव्हते. गूढ होते ते शिसे मिळवण्यात.

कारण सह्याद्रीच्या काळ्या दगडात शिसे नाही. राजस्थानातल्या जावरच्या खाणी जुन्या आहेत, पण कोकणातल्या आणि देशावरच्या राजवटींना शिसे यायचे ते मुख्यतः समुद्रमार्गे. इंग्रज कंपनी विलायतेहून जो माल हिंदुस्थानात विकायला आणी, त्यात लोकरी कापडाबरोबर शिसे हा नेहमीचा जिन्नस होता. जहाजाच्या तळाशी वजन म्हणून उपयोगी आणि बंदरात उतरवले की रोख. फ्रेंचांनी शिवाजी महाराजांना तोफांसोबत बंदुकांसाठी शिसेही विकल्याचे रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने नोंदवले आहे. ज्याच्याकडून शिसे घ्यायचे, त्याच्याच वखारीवर पुढे ते चालवायची वेळ येऊ शकते, हे दोन्ही बाजूंना पुरते माहीत होते. तरी व्यापार थांबला नाही.

साठवणीबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त जे सांगितले आहे ते आजच्या कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याने भिंतीवर लावावे असे आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्याचा आशय. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतले. त्या किल्ल्यात आता कारागृह आहे. या दोन्ही लढायांतल्या बंदुकीच्या गोळ्या गोल, शिशाच्या आणि हाताने ओतलेल्या होत्या.

गोल गोळीचा त्रास असा, की तोंडाकडून बंदूक भरायची तर गोळी नळीपेक्षा बारीक हवी, नाहीतर ती गजाने आत ढकलताच येत नाही. आणि बारीक असली की बार उडाल्यावर ती नळीत इकडे-तिकडे आपटत बाहेर पडते, मग जाईल तिकडे जाते. नळीच्या आत पीळ पाडले तर गोळी फिरत आणि म्हणून सरळ जाते, हे युरोपात फार आधीपासून ठाऊक होते. पण पिळात घट्ट बसणारी गोळी ठोकून-ठोकून आत घालावी लागे. शिकाऱ्याला ते परवडे, फौजेला परवडत नसे. १८४९ मध्ये क्लोद मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी काढून हा पेच सोडवला. गोळी सैल असल्याने सहज आत जायची, आणि बार होताच मऊ शिशाचे पोकळ बूड फुगून पिळात घट्ट बसायचे. सगळी मदार शिशाच्या मऊपणावर होती.

याच कल्पनेवर इंग्रजांनी १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल काढली. तिचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम. ही रायफल हिंदुस्थानात आली आणि तिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली जे झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या वर्षी उत्तरेकडे निघालेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आपल्या हकिकतीत त्या काडतुसांची गोष्ट सांगितली आहे. ती हकिकत १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापून आणली चिंतामणराव वैद्यांनी, आणि वैद्य होते कल्याणचे. शिपायांचा राग कागदाला लावलेल्या चरबीवर होता. पण चरबी तिथे आली कशासाठी? मऊ शिशाची गोळी कोरडी झाडली तर नळीत शिशाचा थर चढतो, दारूची काजळी कडक होते आणि थोड्याच बारांनंतर रायफल भरता येईनाशी होते. वंगण लागतेच. साम्राज्याच्या कारभाऱ्यांनी ते कशाचे असावे याचा विचार केला नाही. आज अमेरिकेतले हौशी लोक मधमाश्यांचे मेण वापरतात. आधीपासून नुसते तेच वापरले असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता धातूकडे.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी हे तापमान सहज गाठते, आणि हाच या छंदाचा मोह आणि सापळा. लोखंडाला भट्टी लागते, तांब्याला मूस आणि भाता लागतो, शिशाला पातेले पुरते. घनता ११.३४, म्हणजे पाण्याच्या सव्वाअकरा पट. लहान आकारात भरपूर वजन. वाऱ्याला न जुमानता लांब जायचे तर गोळीला हेच हवे असते. पण शुद्ध शिसे नखाने ओरखडता येईल इतके मऊ. जोरदार बाराच्या रायफलीत ते पीळ धरत नाही, घसरते आणि नळीला लिंपले जाते. म्हणून ओतणारे त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. अँटिमनीने कडकपणा येतो, तर कथिलामुळे वितळलेला रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. अमेरिकेत प्रसिद्ध असलेल्या एका मिश्रणात ९० भाग शिसे, ५ भाग कथील आणि ५ भाग अँटिमनी असते.

हे प्रमाण वाचून जुन्या छापखान्यातल्या माणसाचे कान टवकारतील. अक्षरांचे खिळे याच तीन धातूंचे असत, फक्त प्रमाण वेगळे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तो खिळे ओतण्याच्या कसबावरच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्यांच्या कपाटांतली जुनी पुस्तके बहुतेक अशाच शिशावरून उतरलेली. पुढे लायनोटाइप यंत्रे आली, ती एकेक ओळ ताजी ओतून छापून झाल्यावर पुन्हा वितळवीत. तिकडे अमेरिकेत वर्तमानपत्रांनी ही यंत्रे मोडीत काढली तेव्हा तो कडक मिश्रधातू गोळ्या ओतणाऱ्यांनी डोळे झाकून उचलला. कुठल्या तरी गावचे अग्रलेख आणि श्रद्धांजल्या हरणांच्या मागे धावल्या.

ओतण्यातले कसब प्रत्यक्षात तापमान सांभाळण्यात असते. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती दुधाळ, खरबरीत निघते. रसावर येणारी राखाडी साय म्हणजे निव्वळ घाण नसते. तिच्यात कथील असते, ती काढून फेकली तर मिश्रणच बदलते. म्हणून मेणाचा तुकडा टाकून ढवळून ते कथील परत रसात घ्यावे लागते. भंगारात चुकून जस्ताचा तुकडा आला तर सगळा घाणा नासतो. आणि पाणी हा खरा शत्रू. ओल्या भंगाराचा एक तुकडा रसाखाली गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातले सगळे शिसे छताला आणि तोंडाला लागते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात कोरडे भंगार ही कल्पनाच काढून टाकावी.

गोळी निघाली तरी काम संपत नाही. ती नळीच्या पिळांपेक्षा किंचित जाड, इंचाचा साधारण हजारावा भाग जास्त, अशी बेतावी लागते. बारीक झाली की मागचा गरम वायू तिच्या कडेने निसटतो, कडा वितळवतो आणि शिसे नळीत सोडतो. मग वजन करून वेगळी काढायची, वंगण भरायचे आणि शेवटी कागदावर झाडून बघायचे, की या मिश्रणाची, या जाडीची गोळी या एका नळीला मानवते का. शेजाऱ्याच्या, त्याच कंपनीच्या रायफलीला मानवेलच असे नाही. सगळा छंद या एका प्रश्नाभोवती फिरतो.

मोठ्या रायफलींनी शिशाला उघडे ठेवणे सोडले त्याला दीडशे वर्षे होत आली. गोळ्यांचे वेग वाढू लागले, आणि उघडे शिसे ते सोसेना. १८८२ मध्ये स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन याने गोळीवर तांब्याचे आवरण चढवले. तेव्हापासून लष्करी गोळीचे शिसे पोटात गेले. पण उघडे शिसे संपले नाही. ते दोन ठिकाणी टिकून आहे, आणि दोन्ही ठिकाणे मराठी नेमबाजांच्या चांगल्या परिचयाची.

पहिले म्हणजे पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची रायफल. ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांत एनसीसी केलेल्या कुणालाही विचारावे. आयुष्यातला पहिला बार त्याने जमिनीवर पालथे पडून याच रायफलीचा काढलेला असतो. नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवातही मुंबईच्या कीर्ती कॉलेजातल्या एनसीसीतून झाली. या काडतुसाची गोळी आजही तांब्याच्या आवरणाविना, शिशाची आणि वरून मेणासारख्या वंगणाचा हात दिलेली असते. वजन सुमारे २.६ ग्रॅम, स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत राखलेला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या त्या अशाच गोळीवर, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले तेही. एनफिल्डच्या शिशाचा वंश असा ऑलिम्पिकपर्यंत आला.

दुसरे ठिकाण एअर रायफल. तिथे दारू नाही, काडतूस नाही, दाबलेल्या हवेवर सगळा कारभार. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, कमरेत बारीक, डोक्याला सपाट असा शिशाचा छर्रा. क्लबात त्याला सगळे पेलेटच म्हणतात. वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. स्पर्धेतल्या ६० नेमांचे सगळे छर्रे एकत्र केले तर सुमारे ३२ ग्रॅम शिसे होते. १८५७ च्या एका एनफिल्ड गोळीएवढेही नाही.

एवढ्याशा शिशावर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ च्या ऑक्टोबरात कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधी. त्याच्या आधी या प्रकारात हा मान एकाच भारतीयाला मिळाला होता, २००६ मध्ये झाग्रेबला अभिनव बिंद्रा यांना. कैरोनंतरच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्ष, दिव्यांश पन्वर आणि ऐश्वर्य तोमर यांनी १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम करून सांघिक सुवर्ण घेतले. पॅरिससाठीच्या देशांतर्गत निवड चाचण्यांत मात्र रुद्रांक्ष मागे पडला आणि ऑलिम्पिकचा कोटा स्वतः मिळवूनही त्याला घरी राहावे लागले. या खेळात दशांशाने माणसे आत जातात आणि दशांशाने बाहेर राहतात, त्याचे यापेक्षा कडवट उदाहरण शोधायला नको.

दशांश म्हणजे काय ते पाहावे. १० मीटरवरच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटर. म्हणजे ठिपका छर्ऱ्याखाली झाकला जातो, आणि मध्यभागाला मध्यभाग किती जवळ आला यावर १०.० ते १०.९ गुण ठरतात. ६० नेमांची कमाल बेरीज ६५४.०. अशा ठिकाणी छर्ऱ्याच्या डोक्याची जाडी ४.४९ की ४.५० मिलिमीटर हा प्रश्न चैनीचा राहत नाही. कारखान्यात शिशाची तार कापून साच्यात दाबून छर्रे घडवतात, ओतत नाहीत. तरीही साचा झिजतो, तार बदलते, आणि एका लॉटचे छर्रे दुसऱ्या लॉटसारखे उडत नाहीत. जर्मनीतल्या हेंडलर अँड नाटरमानसारख्या कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून शिशाच्या कामात आहेत. त्या डब्यांवर डोक्याचे माप छापतात ते यासाठीच. गंभीर नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवतो, वेगवेगळ्या लॉटचे छर्रे एकाच कागदावर झाडतो, कुणाचे भोक सर्वांत लहान पडते ते पाहतो आणि त्या लॉटच्या डब्या वर्षभराच्या घेऊन ठेवतो. पॉइंट टू टू वाले तर त्यासाठी काडतुसांच्या परदेशी कारखान्यात रायफल घेऊन जातात.

गॅरेजमधला अमेरिकी म्हातारा आणि छर्ऱ्यांचा लॉट निवडणारी डोंबिवलीची मुलगी एकाच प्रश्नाशी झटत असतात. कोणते शिसे कोणत्या नळीला मानवते? त्याने तो पातेल्यापाशी सोडवायचा, तिने डबीपाशी. तिची बाजू सोपी आहे असे मानू नये. त्याला मिश्रण बदलता येते. तिला फक्त निवडता येते.

शिशाचे विष दोघांनाही तेवढेच, आणि इथे थोडे थांबायला हवे. शिशाची कोणतीही मात्रा शरीराला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. लोक धुराला भितात, पण वितळबिंदूच्या आसपास शिशाची वाफ तशी थोडीच होते. घात करते ती राखाडी साय, तिची भुकटी, बोटांना लागून वडापावाबरोबर पोटात जाणारी. स्वयंपाकघरात शिसे वितळवणे कायद्याने चालले असते तरी करू नये, ते यासाठी. युरोपातले जुने बंदूकधारी घाईत गोळ्या गालात धरून ठेवत. तेव्हा माणूस शिशाने मरण्याआधी दुसऱ्याच्या गोळीने मरत असे, म्हणून कुणी हिशेब ठेवला नाही.

एअर रायफलच्या रेंजवर धोका कमी असतो, शून्य नसतो. रोज दोनशे छर्रे आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एक नेमबाज ३२ किलोच्या आसपास शिसे समोरच्या पेटीत टाकतो. आपटून त्याचा चुरा होतो. ही पेटी कोण रिकामी करते, झाडून की ओल्या फडक्याने, आणि ते शिसे कोणत्या भंगारवाल्याकडे जाते, हे क्लबला विचारायचे प्रश्न आहेत. पालक फीबद्दल विचारतात, प्रशिक्षकाच्या पदकांबद्दल विचारतात, याबद्दल विचारत नाहीत. पक्ष्यांनाही शिसे बाधते, आणि आपल्या शेजारी ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. पाणथळीत शिकाऱ्यांचे छर्रे साचून पक्षी मरतात म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी घातली आणि युरोपने २०२३ मध्ये पाणथळींत. खाडीच्या चिखलाला तो वारसा फारसा मिळाला नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच मिटवला. खाडीत शिसे येते ते इतर वाटांनी.

ठासणीची बंदूक मात्र कोकणात अजून दिसते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रानडुक्कर आणि माकडांपासून शेती राखायला शेतकऱ्यांना परवाने दिलेले असतात, आणि निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. कल्याण-डोंबिवलीतल्या अनेकांच्या गावच्या घरात भिंतीवर एखादी टांगलेली असेल. परवाना आजोबांच्या नावावर होता म्हणून ती आपसूक नातवाची होत नाही. ती हातात घेऊन बघण्याआधी कागद बघावेत.

मग या पट्ट्यातल्या नवख्याने सुरुवात कुठून करावी? सरळ एअर रायफलपासून. १० मीटरची रेंज एखाद्या लांब खोलीतही बसते, म्हणून जागेची मारामार असलेल्या ठाण्या-डोंबिवलीतही ती थाटता येते. ०.१७७ इंची आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल जेमतेम साडेसात ज्यूलची असते. पहिले काही महिने रायफल विकत घेण्याची घाई करू नये, क्लबची वापरावी. साडेपाच किलोपर्यंतचे ते वजन खांद्याला आणि कमरेला मानवते का ते आधी कळू द्यावे. देशी रायफल हवी असेल तर ठाणे जिल्ह्यातच प्रीसिहोल कंपनी ती बनवते. नळ्यांना खोल भोके पाडणारी यंत्रे बनवणाऱ्या घरातून ती आलेली. पुढची पायरी जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर स्पर्धा. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची ती. पॉइंट टू टू चा परवाना आणि काडतुसांचा कोटा यांची खटपट त्यानंतरची. तिथे पोलीस आयुक्तालयाची पायरी चढावी लागते आणि सरावाला वरळीची रेंज गाठावी लागते. सकाळच्या लोकलला पाच किलोची पेटी घेऊन चढणे हाही त्या सरावाचाच भाग समजावा.

सुरुवातीच्या डबीबद्दलही दोन शब्द. पाचशे छर्ऱ्यांची महागडी परदेशी डबी पहिल्या दिवशी घेणे म्हणजे पैसे पाण्यात. ज्याचे नेम अजून थाळीएवढ्या गोलात पडतात त्याला ४.४९ आणि ४.५० यांतला फरक दिसणारच नाही. साधे सपाट डोक्याचे छर्रे घ्यावेत, डबी खाली पाडू नये, कारण मऊ शिशाचा घेर एका आपटण्यातच चेपतो, आणि चेपलेला छर्रा ओळखायला शिकावे. भोके रुपयाच्या नाण्यात मावू लागली की मग लॉटचा विचार. तोवर पुढच्या पानांतली नळीची आणि ट्रिगरची प्रकरणे वाचून होतील. त्यांच्याआधी चार पानांचे एक प्रकरण हात धुण्यावर आहे, साबण कोणता आणि पाणी गार का घ्यायचे यासकट. ते वगळून पुढे गेलेल्यांसाठी त्यातला मजकूर शेवटी पुन्हा छापला आहे.